लिंबापर्यंतची भिंत

मिस्त्री कोणाशीही बोलताना डावा डोळा मिटायचा. उजव्या डोळ्यानं तो समोरच्याच्या कपाळापासून पायापर्यंत नजर सोडायचा, ओळंब्याची दोरी सोडावी तशी, आणि मग मान जराशी तिरकी करायचा. म्हणजे तुम्ही कुठंतरी झुकलेले आहात आणि ते त्याला दिसलेलं आहे. समोर तहसीलदार असो की भाजीवाली, मिस्त्रीच्या हिशेबानं सरळ माणूस या जगात एकच होता आणि तो पानाची पिंक टाकत तुमच्यासमोर उभा होता.

तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. कामाला देव आणि बोलण्याला सैतान. पण याच्या तोंडात आणखी एक रोग होता. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं. "हो गया समझो." चुना भिजवून ठेव. हो गया समझो. उद्या लवकर ये. हो गया समझो. झालं असं समजायचं, झालं की नाही ते बघायचं नाही. मी आयुष्यात दुसऱ्याच्या शब्दावर फार कमी वेळा विसंबलो. त्या तीन शब्दांवर एकदा विसंबलो, आणि काय झालं ते सांगतो. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

मी मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, पाठीवर पोती वाहून वर आलेला माणूस. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्याला कोणी हात धरून वर नेत नव्हतं. आधी हमाली केली, मग कापसाची दलाली, मग स्वतःचं दुकान. मोंढ्यात तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. दोघांनी उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचा. चारचौघांना दिसायचं ते फक्त हलणारं कापड. तोंडानं माणूस काहीही बोलेल, "घरदार बुडालं" म्हणेल, खरा भाव कापडाखाली असायचा. त्या कापडाखाली मला हरवणारा मोंढ्यात कोणी नव्हता.

घर बांधायचं ठरलं तेव्हा हा माणूस दुकानावर आला. गुलबर्ग्याकडचा. पूर्ण्याला रेल्वेची घरं बांधायला आला होता, ती संपल्यावर आमच्या गावात राहिला. वेशीजवळ एक खोली, एकटा जीव. मी उपरणं पुढं केलं. मला वाटलं, हा गवंडी माणूस, याला काय समजणार. त्यानं डोळा मिटला, हात आत घातला आणि माझं बोट असं दाबलं की मी चमकलो. तो खडबडीत हात माझ्या प्रत्येक बोटाला उत्तर देत होता. बराच वेळ नुसतं कापड हलत होतं. शेवटी घराचा गुत्ता, म्हणजे ठेका, ठरला तेव्हा तो म्हणाला, "सेठ, तुमारा हात लय पक्का है. दिल कैसा है, मालूम नई."

मला सेठ म्हणणारा तो पहिला माणूस. चेष्टेनं म्हणाला होता.

घर त्यानं बरं बांधलं. यापेक्षा जास्त मी म्हणणार नाही. त्यातही एक गोष्ट आहेच. परभणीच्या एका वकिलाच्या दारावर मी दगडात कोरलेले दोन पोपट पाहिले होते, तसे मला हवे होते. मिस्त्रीनं साफ नाही म्हटलं.

"सेठ, पोपट दाना मांगता. रोज कौन डालेंगा?"

"दगडाचा पोपट दाणा मागतो व्हय रे?"

"दगडका हो, सोनेका हो, भूका दिखता. घरकू शोभा नई."

मी पोपटांचे पैसे कापले. त्यानं दारावर पोपटांच्या जागी दोन रिकामे कोनाडे ठेवले आणि गावभर सांगितलं, "सेठके पोपट उड गये." आजही काही म्हातारे माझ्या घराला पोपट उडालेलं घर म्हणतात. माझं नाव कोणी घेत नाही.

आता बागेचं. माझ्या घरामागं एका पेशकाराची जागा होती. परभणीच्या अदालतीत आयुष्यभर फायली सरकवून घरी बसलेला माणूस, कपाळाला गंध, डोक्याला टोपी, हातात काठी, बोलण्यात उर्दूचा साखरपाक. त्याच्या जागेत एक मोठा लिंब होता. आमच्याकडं कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. हमालीच्या दिवसांत एका उन्हाळ्यात त्या लिंबाखाली मी पोतं उतरवून टेकलो होतो. पेशकारानं काठीनं ढोसून उठवलं. "ये सावली मेहनतीची न्हाई रे बाबा, मालकीची हाय," असं म्हणाला. मोठ्या गोडीनं म्हणाला. ते वाक्य मी कित्येक वर्षं चावत होतो.

पुढं त्याला मुलीच्या लग्नासाठी पैशाची निकड लागली आणि मागची बाग त्यानं मलाच विकली. कागदावर "मागची बाग" एवढंच लिहिलं. हद्द तोंडी ठरली, काकांच्या समोर. काका म्हणजे आमच्या मोंढ्यातले सगळ्यात जुने अडते. माझी हमाली त्यांच्याच दुकानावर झालेली. पेशकार काकांना म्हणाला, "लिंबापर्यंत यांचं, लिंब धरून." मला बागेतली पपई नको होती, मोगरा नको होता. मला तो लिंब हवा होता. तो आपल्या भिंतीच्या आत घ्यायचा, त्याखाली बाज टाकायची आणि पेशकारानं पलीकडून बघायचं.

तेवढ्यात कापसाचा हंगाम सुरू झाला. मला सेलू, पूर्णा, नांदेड असं फिरणं भाग होतं. मिस्त्रीला बागेत उभं करून मी सांगितलं, "हे बघ, भिंत थेट लिंबापर्यंत घ्यायची. लिंब आत."

त्यानं डोळा मिटून बाग बघितली. "लिंबतक. लिंब अंदर. हो गया समझो."

मी समजलो.

हंगाम संपवून परत आलो तर भिंत उभी. चुन्यातली, सरळ, सुरेख. आणि लिंब बाहेर! भिंत वीस-बावीस हात अलीकडंच थांबलेली. का, तर तिथं कोपऱ्यात लिंबोणीचं एक झाड होतं. आंबट लिंबांचं. काटेरी, खुरटं, माझ्या छातीएवढं. भिंतीनं त्याला मोठ्या मायेनं कुशीत घेतलं होतं. इतकंच काय, त्याचं मूळ तुटू नये म्हणून भिंतीच्या पायात दगडाची छोटीशी कमान काढली होती. माझ्या दाराला पोपट मिळाला नाही, आणि लिंबोणीला कमान!

बायकोवर ओरडलो. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्यावर कशाला वरडता? मी सांगितलं त्याला, मिस्त्री, शीव पल्याड हाय. म्हनला, मालिकका हुकूम है. तुमचा हुकूम म्हनल्यावर मी काय करणार? तुमच्या हुकमाफुडं या घरात कुनाचं चालतं?"

तसाच वेशीजवळ गेलो आणि मिस्त्रीला हाताला धरून बागेत आणलं.

"हे काय केलंस?"

"भिंत."

"लिंबापर्यंत म्हणालो होतो मी!"

"हौ. ये क्या है?" त्यानं लिंबोणीकडं बोट दाखवलं. "लिंबू."

"अरे, लिंब म्हणजे तो!" मी पलीकडचं झाड दाखवलं.

त्यानं त्या झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग डोळा मिटून पुन्हा माझ्याकडं. "वो? वो तो नीम है."

"त्यालाच लिंब म्हणतात!"

"कौन बोलता?"

"सगळा मराठवाडा बोलतो!"

"तो मराठवाडा गलत बोलता. लिंब बोले तो लिंबू. कडू झाडकू लिंब बोले, तो खट्टे झाडकू क्या बोलेंगे? इमली?"

मला त्या क्षणी त्याच्या टाळक्यात थापी घालावीशी वाटली, हे मी लपवत नाही. आणि एक गोष्ट इथंच स्पष्ट सांगून ठेवतो. मी लिंब म्हणालो, आणि लिंब म्हणजे लिंब. माझ्या बापानं तेच म्हटलं, त्याच्या बापानं तेच. परक्या मुलखातल्या माणसानं आमच्या मुलखात येऊन भिंत बांधायची तर झाडाचं नाव विचारून घ्यायचं. माझं आजही तेच म्हणणं आहे.

पेशकारानं उशीर केला नाही. आठवडाभरात भिंतीपलीकडं त्यानं वांग्याची रोपं लावली. मी गेलो तर लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेला.

"पेशकारसाहेब, ही जागा माझी हाय."

"अहो, बेशक तुमची. जेवढी तुम्ही भिंतीत घेतली तेवढी. मागची बाग म्हणजे भिंतीच्या आतली बाग. भिंत मी थोडीच घातली?"

"काकांच्या समोर ठरलंय, लिंब धरून."

"मग आतमध्ये लिंब हाय की. चांगली लिंबं येतेत म्हणे. सरबत करा, डोकं थंड राहील."

अदालतीत जावं तर अदालत परभणीला, आणि तिथल्या प्रत्येक टेबलावर पेशकाराचा चहा प्यायलेले लोक. मी मूर्ख नव्हतो. ज्यानं चूक केली त्यानंच भरून द्यायची. भिंत पाडायची आणि लिंबाच्या पलीकडं पुन्हा उभी करायची, त्याच्या मेहनतीनं, फुकट. ही माझी मागणी होती आणि तीत एक बोटही कमी करायची माझी तयारी नव्हती.

पण मिस्त्री हाती लागेना. पोखर्णीला यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा बांधायचं काम त्यानं घेतलं होतं. मी बैलगाडी जुंपून तिथं गेलो. शनिवारची गर्दी होती. नरसिंहाला आलेले लोक भाकरीची गाठोडी सोडून बसलेले. मी खालून आणि तो वर भिंतीवर.

"खाली ये! माझी जागा गिळून हितं पुण्य करायलास व्हय?"

"सेठ, धीरेसे. देवका दरवाजा है."

"माझी भरपाई दे, मग धीरे बोलतो."

"भरपाई?" तो वरूनच लोकांकडं वळला. "सुनो भाई! सेठका लिंबूका झाड मैं बचाया. जडकू कमान करके दिया, एक पैसा नई लिया. उलटा मेरेकूच भरपाई मिलना!"

लोक हसले. एका म्हातारीनं मला विचारलं, "बाबा, लिंबोनीला कमान करत्यात व्हय? बघायला यीन मी." ते हसणं घेऊन मी मानवतला परत आलो. बैल चालतच नव्हते असं वाटलं.

त्यानंतर मी त्याला गावात सुखानं पान खाऊ दिलं नाही. तो पानाच्या ठेल्यावर दिसला की मी तिथं. मशिदीतून बाहेर आला की मी समोरच्या ओट्यावर. नवं काम धरलं की त्या घरमालकाला जाऊन विचारायचो, "शिवंवर झाडं कोन्ती हाईत? सगळी दाखवून ठेवा बरं." मिस्त्री चिडायचा, दक्खनीत मला काय काय म्हणायचा. मीही कमी नव्हतो. हळूहळू लोकांना आमचं भांडण सवयीचं झालं. एखाद्या दिवशी झालं नाही तर पानवाला विचारायचा, "आज बरं न्हाई का सेठला?"

शेवटी काकांनी दोघांना बोलावलं. पेशकारालाही.

काका आधी पेशकाराला म्हणाले, "तुमचा शब्द मी ऐकलाय, साहेब. लिंब धरून म्हणाला होता."

पेशकारानं टोपी सारखी केली. "मी कुठं नाकारतो? मी म्हणतो, भिंत जिथं, तिथं शीव. उद्या यांनी लिंबापलीकडं भिंत उभी केली तर जागा यांची. वांगी मी उपटून नेतो." असं म्हणून तो हसला. पक्का हिशेब होता त्याचा. मिस्त्री फुकट काम करणार नाही आणि मी हट्टानं दुसऱ्याला पैसे देणार नाही. दोघांनाही ओळखून होता.

काकांनी स्वतःचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. दगड जुन्याच भिंतीचे निघणार होते, चुना मी देणार होतो, प्रश्न मेहनतीचा होता. एक बोट म्हणजे भिंतीचा पाचवा हिस्सा त्याच्या अंगावर. पूर्ण पंजा म्हणजे सगळी भिंत फुकट.

मी सरळ पंजाच दाबला. त्यानं एक बोट दिलं. मी पंजा. त्यानं पुन्हा तेच बोट, आणि तोंडानं चालूच होतं, "मेरी गलती नई. अल्ला देखता है. लिंब बोले तो लिंबू." मी म्हणालो, "गावातल्या शेंबड्या पोराला विचार, लिंब कुठला ते." पेशकार मजेत काठी फिरवत होता. तो म्हणाला, "जाऊ द्या हो सेठ. तुमच्यासारख्याला झाडाखाली बसायची सवय तरी कुठं राहिलीय आता?"

टोमणा मला होता. मी उत्तर देणार तेवढ्यात मला जाणवलं, कापडाखालचा हात थांबलाय. मिस्त्री पेशकाराकडं बघत होता. एक डोळा मिटलेला, मान तिरकी. मग त्याचा तो चुन्यानं खाल्लेला, भेगाळलेला हात माझ्या हातात पुरता आला. पाचही बोटं. मी दाबून बघितलं, खात्री करून घेतली. पंजाच होता.

"मेरी गलती नई," तो मोठ्यानं म्हणाला, उपरणं झटकून उठला आणि बाहेर जाऊन थुंकला.

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "झालं." पेशकाराची काठी फिरायची थांबली.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री कामाला आला. जुनी भिंत उतरवली, दगड रचून ठेवले. लिंबोणीला त्यानं धक्का लागू दिला नाही. मग लिंबाच्या पलीकडं पाया खणला आणि तिकडूनच सुरुवात केली, जेणेकरून झाड आधी आत यावं. मी बाज टाकून समोर बसायचो. फुकट काम करणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं.

"दगड बारीक लावायलास."

"तुम बांधो. मैं बाजपे बैठता."

"मसाला पातळ हाय."

"तुमारी चाय जैसी."

बायको चहा आणायची तेव्हा त्याला आधी द्यायची. मी बघायचो. ती म्हणायची, "फुकट काम करायलाय बिचारा, चहा तरी गोड द्यावा."

ते दिवस चांगले नव्हते. रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, सरहद्दीवरून रोज काहीबाही ऐकू यायचं, लोक सांजेच्या आधी दारं लावायचे. मोंढ्यात हिंदू आणि मुसलमान एकमेकांशी हळू आवाजात, जपून बोलायला लागले होते. सगळ्या गावात मोठ्यानं बोलणारे आम्ही दोघंच उरलो होतो. भिंतीच्या दोन बाजूंनी आमची तोंडं चालू असायची. पेशकार खिडकी लावून घ्यायचा.

लिंब आत आला. भिंत त्याला वळसा घालून निम्म्यावर आली. मग भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि बघता बघता राज्य बदललं. लोकांनी गुलाल उधळला, मीही उधळला. पण त्या दिवसांत आमच्या भागात मुसलमान वस्त्यांत आणखी जे झालं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी केलं त्यांना जास्त माहीत आहे.

मिस्त्री सकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तणतणत वेशीजवळ गेलो. खोलीला कडी लावलेली नव्हती. मडक्यात पाणी होतं. शेजारची बाई दार किलकिलं करून म्हणाली, "पूर्ण्याच्या गाडीला गेले म्हनत्यात." पलीकडचा एकजण म्हणाला, गाडीला नाही, पायीच निघाला होता. तिसऱ्यानं नुसती मान हलवली आणि आत गेला.

मी पूर्ण्याला गेलो. जी घरं त्यानं बांधली होती तिथं विचारलं, फलाटावरच्या हमालांना विचारलं. कोणाला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मग स्टेशनावर उभा राहून मी त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या. अर्धी भिंत टाकून गेलास, पंजा दिला होतास, लाज वाटत नाही का. आजूबाजूचे दोघंतिघं माझ्याकडं बघून हसले. एकानं शाबासकी दिल्यासारखा पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकून टाकला. माझं भांडण वेगळं होतं.

पुढं पेशकार एकदा बागेत आला, लिंबाकडं न बघता म्हणाला, "पळाला तुमचा मिस्त्री. भरपाई बुडवून गेला. शेवटी ते लोक असेच."

मी त्याला दंडाला धरलं आणि भिंत जिथं थांबली होती तिथं नेलं. "हे बघा."

"काय बघू? अर्धी भिंत हाय."

"टोक बघा."

टोकाला दगड सरळ रेषेत बंद केलेले नव्हते. एक थर पुढं, एक थर मागं, पुन्हा एक पुढं. उद्याचा दगड आजच्या दगडात अडकावा, भिंतीला सांधा दिसू नये, म्हणून गवंडी दिवस संपताना असं सोडून जातो. काम टाकून पळणारा माणूस एवढं करत बसत नाही.

"त्याला दुसऱ्या दिवशी यायचं होतं," मी म्हणालो. "आणि पुन्हा त्याला काही बोललात तर याद राखा. त्याला बोलायचा हक्क माझा हाय. तुमचं त्यानं काय बिघडवलंय?"

पेशकार काठी टेकत गेला. जागेचा विषय त्यानं परत काढला नाही.

रचलेले दगड अजून तिथंच आहेत. मध्ये एक गवंडी आला होता, म्हणाला, टोकाचे दगड तासून सपाट करतो आणि उरलेली भिंत बांधून देतो. भावही बरा सांगितला. मी त्याला हाकलून दिलं. माझी अर्धी भिंत एका माणसाकडून यायची आहे, आणि ठरलेला सौदा मी मोडत नाही. दर वर्षी उरलेल्या जागेला बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतो. फक्त भिंतीच्या टोकाजवळ काटे लावू देत नाही. तिथं एक माणूस थापी घेऊन उभा राहू शकेल एवढी जागा मोकळी असते. त्या फटीतून गावच्या शेळ्या आत येतात आणि बायकोची मेथी खातात. बायको ओरडते. मी म्हणतो, खाऊ दे. एकेका पानाची भरपाई मी त्याच्याकडून घेणार आहे.